चहा आधी की मशीन आधी

काका कुठल्याही दुकानात शिरले की कॉम्प्युटरकडे बघायचेसुद्धा नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, खांद्यावरची नायलॉनची पिशवी खाली ठेवायची आणि मालकाला सांगायचं, "चहा ठेवा. तिकडं चहा गॅसवर गेला की इकडं मशीन चालू करा. दोन्ही एका टायमाला."

मालकाला वाटायचं, म्हाताऱ्याला चहाची तल्लफ आलीय. पण ती परीक्षा असायची. मशीन चहाच्या आधी उठलं तर काका चहा पिऊन, "हिला अजून दम आहे," असं सांगून निघून जायचे. चहा आधी उकळला तर मशीन बदलायला झालं. आणि चहा उकळून, गाळून, कपात येऊन त्याच्यावर साय धरली तरी पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय, अशी वेळ आली की काका कप खाली ठेवून मला म्हणायचे, "बाय, ही गेलेलीच आहे. आपण फक्त कळवायला आलो."

ह्या परीक्षेत एकदा वहिनींचा आंब्याचा कॅनिंगचा कारखाना नापास झाला होता. ऐन मे महिन्यात, आंबा दारात पिकून पडलेला असताना, कारखाना राहतो की जातो अशी वेळ आली होती. ते सांगायला मी नुसती उतावीळ झालेय. पण काका कसे होते हे कळल्याशिवाय त्यातली मजा कळायची नाही, म्हणून जरा दम धरते. दम धरणं हा माझा प्रांत नाही, असं काका रोज सांगायचे.

आमचा धंदा एका वाक्यात सांगण्यासारखा. कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ती सिस्टीम जुनी झाली, बनवणाऱ्या कंपनीने ती सांभाळायचं सोडून दिलं, तरी लोक तिलाच धरून बसतात. त्या लोकांना तिच्यातून सोडवून नव्या सिस्टीमवर नेऊन बसवायचं. मी पुण्यात एका मोठ्या ऑफिसात हेच करायचे. आईला बरं नसायला लागलं म्हणून रत्नागिरीला परत आले आणि काकांच्या हाताखाली लागले, कारण इथे हे काम मनापासून करणारा दुसरा कुणी मला दिसला नाही. पहिल्याच दिवशी मी तोऱ्यात सांगितलं, की आम्ही पुण्यात सुट्टीच्या दिवशी बंद ऑफिसात शिरायचो आणि लोक कामावर यायच्या आत सगळी मशीनं बदलून टाकायचो. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

काका म्हणाले, "म्हणजे घरच्यांना न सांगता म्हातारीला हलवलंत."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रंगकामाचा छोटा ब्रश काढला आणि समोरच्या मशीनच्या मागची धूळ अशी हळूहळू झटकायला लागले, की मला ओरडावंसं वाटलं. लोक पेन ठेवतात तिथे हे ब्रश ठेवायचे. मोबाईल स्कूटरच्या डिकीत असायचा. "वाजला तर?" मी विचारलं. "डिकीला ऐकू जाईल की," म्हणाले. त्यांना गाठायचं तर लोक मला फोन करायचे, आणि शिव्याही मलाच बसायच्या.

त्यांचं सगळं आयुष्य मुंबईत, एका कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीत गेलं. रिटायर झाले ते सरळ गावी आले. हेदवीकडून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. वडील गावचे गाऱ्हाणं घालणारे. शिमग्यात पालखी दारात आली की देवापुढे उभं राहून घरादाराची कड घेऊन बोलायचं, असा त्यांचा मान. काकांनी तो मान घेतला आणि कॉम्प्युटरला लावला. त्याच्याबद्दल पुढे सांगते. ते ऐकायला गावं लोटायची, हे खोटं नाही.

इथे कुणाला नवी सिस्टीम घाला म्हटलं की एकच उत्तर मिळतं. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" डॉक्टर तेच म्हणतात, वकील तेच म्हणतात, लांज्याचा हार्डवेअरवाला तर आम्ही पायरी चढायच्या आतच म्हणाला. मी त्याला धोके समजावून सांगायला लागले आणि तो आढ्याकडे बघायला लागला. मग काकांनी विचारलं, "तुमची बाग आहे ना आंब्याची?"

"आहे की."

"राखणदार ठेवलाय?"

"ठेवायलाच लागतो. नायतर वानरं एक फळ शिल्लक ठेवतील काय?"

"मंग ह्या वर्षी काढून टाका त्याला. बाग चालतेय ना? झाडं जागेवर हायत, मोहर येतोय, फळ धरतंय. कशाला हात लावायचा?"

हार्डवेअरवाल्याने मशीनकडे बघितलं. काका म्हणाले, "ह्या मशीनचा राखणदार कंपनीनं कधीच काढून घेतलान. वानरं अजून आली नायत, एवढंच."

त्या माणसाने तिथल्या तिथे होकार दिला. मी पुण्यात असल्या कामासाठी वरच्या साहेबांपुढे तास तास भाषणं ठोकलेली, तक्ते दाखवलेले. इतका राग आला मला काकांचा, आणि इतका आनंदही झाला, की परत येताना स्कूटरवर मागे बसून मी एकटीच बडबडत होते.

काम सुरू करण्याआधी सगळ्या माहितीच्या दोन प्रती काढायच्या, हा त्यांचा नियम. एक मालकाच्या हातात द्यायची आणि दुसरी मालकिणीच्या तांदळाच्या डब्यात ठेवायची. मी म्हणायचे, "काका, आता सगळं क्लाऊडवर ठेवतात." ते म्हणायचे, "ठेव की. क्लाऊडवर ठेव आणि तांदळात पण ठेव. तांदळात रोज कुणीतरी हात घालतं. तिकडं वर कोण घालतंय?" एका डॉक्टरांचा पेनड्राइव्ह तांदळाबरोबर धुतला गेला. त्यांच्या बायकोचा रडवेला फोन आला. काकांनी सांगितलं, परत डब्यातल्या कोरड्या तांदळात पुरून ठेवा, चांगला वाळू द्या. आणि तो चालला, खरंच चालला. त्यानंतर त्यांचा नियम मोडायची माझी छाती झाली नाही.

तांदळावरून आठवलं. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा करतात ना, ती कॉम्प्युटरचीही होते. हळदकुंकू, फूल, आणि वरून हळद लावलेल्या अक्षता. त्या अक्षता कुठे जातात ह्याचा विचार पूजा करणारा करत नाही. त्या फटींतून आत जातात. मी जुनी मशीनं उघडली आहेत तेव्हा आत पिवळे तांदूळ सापडले नाहीत असं क्वचितच झालं. एका मशीनच्या पंख्यात तर मूठभर होते. पुण्यातल्या माझ्या मित्रांना मी फोटो पाठवला, त्यांचा विश्वास बसेना. काका मात्र एकेक दाणा ब्रशने कागदावर घ्यायचे आणि बाहेर चिमण्यांना घालायचे.

आता गाऱ्हाणं. जुनं मशीन कायमचं बंद करायचं तर काकांची अट असायची, की ज्याने त्याच्यावर सगळ्यात जास्त काम केलं त्यानेच बटण दाबायचं. आणि त्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. लांज्याच्या दुकानातलं मला तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकंसुद्धा काउंटरपाशी उभी, आणि काका हात जोडून:

"बा बारा वाटेच्या, बारा येशीच्या म्हाराजा. आज ह्या दुकानाची म्हातारी रजा घेतेय. हिनं इमानानं काम केलान. हिच्या पोटात कुठला वायरस दडून राहिला असंल, त्याला वाटेला लाव."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"नव्या गड्याला सांभाळून घे. लाइट जाऊ देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि गेलीच, तर मालकाला इन्व्हर्टर घेयाची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा," ह्या वेळी दुकानातला नोकरवर्ग सगळ्यात मोठ्याने. मालकाने पुढल्याच आठवड्यात इन्व्हर्टर घेतला. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी इंजिनिअर बाई, आणि हार्डवेअरच्या दुकानात नारळापुढे उभी. पुढे पुढे मीच सगळ्यांच्या आधी "व्हय म्हाराजा" म्हणायला लागले.

तर वहिनी. लांज्याच्या अलीकडे हायवेपासून आत त्यांचा कारखाना. नवऱ्याने उभा केला, नवरा अचानक हार्ट अटॅकने गेला, आणि मग बागा, कारखाना, आंबा सोलायला येणाऱ्या गावातल्या बायका, सगळं वहिनींनी अंगावर घेतलं. आख्खा गाव त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून आम्हीही. आमरसाचे डबे भरले की गरम पाण्याच्या टाकीत उकळतात. त्या टाकीचं तापमान एक कॉम्प्युटर सांभाळायचा आणि त्याची नोंद ठेवायचा. तो कॉम्प्युटर नवऱ्याने बसवलेला, जुन्या सिस्टीमवरचा. आणि त्यांचा सगळा माल घेणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, की ह्या हंगामापासून प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी उकळलेल्या डब्यांची नोंद, खऱ्या तारखेसकट, थेट आमच्या साइटवर यायला हवी. नाही आली तर माल घेणार नाही. वहिनींना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या जुन्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडायचीसुद्धा नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काजू मोहरलेले होते. काकांनी चपला काढल्या, चहा ठेवायला सांगितला. वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्यापाशी उभ्याच राहिल्या. चहा उकळला, आला. साय धरली. काकांचा पिऊन झाला. वहिनींचा कप तसाच. शेवटी एकदाचं मशीन उठलं, तशी वहिनींनी काय केलं, तर खालच्या कोपऱ्यात जाऊन तारीख बदलली. काही वर्षं मागे नेली.

"हे काय?" मी विचारलं.

"प्रोग्रॅमची मुदत संपलीय ना," वहिनी म्हणाल्या. "ज्याने बनवला तो माणूस कुठे आहे पत्ता नाही. मग ह्यांनी युक्ती काढली. ह्याला वाटलं पाहिजे, की अजून तेच साल आहे. मला म्हणाले, सकाळी आलीस की पहिलं हे करायचं, मग बाकी सगळं."

मला हसूच फुटलं. आख्खा कारखाना आजच्या दिवसात आणि कॉम्प्युटर एकटा मागे. काका हसले नाहीत. त्यांनी वहिनींच्या कपाकडे बघितलं. गार झालेला चहा वहिनींनी एका घोटात संपवला आणि त्या कामाला लागल्या. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ही बाई रोज गार चहा पिते."

"काका, नोंदीवर जुनी तारीख पडली तर तिचा माल कुणी घेणार नाही. चहाचं काय घेऊन बसलात?"

"तेच सांगतोय मी," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

नवा कॉम्प्युटर आला. टाकीचं पॅनल बनवणाऱ्यांकडून नवा प्रोग्रॅम आला, काकांनी तो डबे न घालता नुसत्या पाण्याच्या टाकीवर दहादा चालवून बघितला. वहिनींचं तेवढं हो म्हणणं बाकी. त्या म्हणाल्या, होळी होऊ दे. मग म्हणाल्या, पाडवा होऊ दे. मग अक्षय्य तृतीया. मी चिडून चिडून अर्धी झाले. जाऊन नुसती टाकीची वायर काढून इकडची तिकडे लावायची, पाच मिनिटांचं काम. काका म्हणायचे, "घाई पुण्यात ठेवून येत जा गो."

आणि आंबा आला. नेहमी येतो तसा, सगळा एकदम. आम्ही त्या सकाळी पोचलो तेव्हा क्रेटवर क्रेट लागलेले, वासाने डोकं गच्च झालेलं, माश्या घोंगावतायत, बायका सुऱ्या घेऊन पाटावर बसलेल्या, बॉयलरची वाफ तयार. जुन्या मशीनच्या शेजारी नवं मशीन. कंपनीच्या माणसाचा फोन येऊन गेलेला, की आजपासून नोंद दिसली नाही तर आम्ही दुसरीकडून माल उचलतो. वहिनी जुन्या मशीनसमोर खुर्चीत बसलेल्या. बंद करायचं बटण पडद्यावर आलेलं. फक्त दाबायचं. आणि त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"आज राहू दे," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस जुन्यावरच काढू. उद्या बघू."

"वहिनी, अहो आंबा उद्यापर्यंत थांबणार आहे का?" माझा आवाज चढला. "माल गेला तर ह्या सगळ्या बायका घरी बसतील." मी सरळ भिंतीवरच्या स्विचकडे हात नेला.

"हात मागे," काका म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. हात मागे आला.

मग काका एक पाट ओढून बायकांच्या रांगेत बसले आणि आंबा सोलायला लागले. मला वेड लागायचं बाकी होतं. वहिनी जरा वेळाने आपल्याशीच बोलाव्यात तशा बोलायला लागल्या.

"मी रोज तारीख मागे नेते ना, तेव्हा जरासं वाटतं, हे आत्ता येतील बॉयलर बघून. त्या सालात हे होते. आता ते बंद केलं की झालंच मग."

बायकांच्या सुऱ्या थांबल्या. ह्याच तारखेला मी फिदीफिदी हसले होते.

काका हात पुसून उठले. "वहिनी, मशीन मागच्या सालात राहील. आंबा राहत नाय. मालकांनी हे मशीन कशासाठी बसवलान? आंबा फुकट जाऊ नये म्हणून ना?"

काकांनी पिशवीतून नारळ काढून जुन्या मशीनपुढे ठेवला. बायका रसाच्या हातांनीच मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बा बारा वाटेच्या म्हाराजा. ह्या घरच्या धन्यानं हा कारखाना उभा केलान. तो गेला, त्याच्या मागारी ह्या मशीननं आणि ह्या माउलीनं मिळून तो चालवला. आज मशीन रजा घेतेय. माउली रजा घेत नाय."

"व्हय म्हाराजा."

"धन्याचं साल हिच्या मनात राहू दे. कामाला आजचा दिवस दे."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकलं-माकलं असंल तं पदरात घे."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या, सगळ्यांच्या मागून, आणि त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. मी वायर काढली, नव्यात लावली. कोपऱ्यात कुणीतरी गॅसवर काकांचा चहा ठेवला होता, तो अजून उकळायचा होता आणि नवं मशीन उठलेलं. मी आनंदाने काकांकडे बघितलं आणि परत पडद्याकडे बघितलं तर तापमानाच्या जागी शून्य.

शून्य म्हणजे शून्य. टाकी वाफाळतेय आणि पडद्यावर शून्य. मी प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला. शून्य. वहिनींच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. काका वाकले, वायरचं टोक परत ओढून काढलं, चष्म्याजवळ नेलं आणि खिशातून ब्रश काढला. पिनांच्या मधून टुपकन एक पिवळा तांदूळ टेबलावर पडला. जुन्या मशीनच्या पाठीमागे वर्षानुवर्षं साठलेल्या अक्षतांतला एक, वायर काढताना तिच्या टोकात शिरलेला.

"खंडेनवमीची अक्षता," काका म्हणाले. "आशीर्वाद जरा जास्त झाला."

वायर लावली आणि पडद्यावर तापमानाची रेघ उमटली. चढायला लागली. बायकांनी असा गलका केला की बाहेर टेम्पोवाला आत बघायला आला. मी नाचले, खरंच नाचले, रस सांडलेल्या फरशीवर घसरता घसरता वाचले. पहिला घाणा उकळून निघाला, आजच्या तारखेची नोंद गेली, आणि कंपनीच्या माणसाचा फोन आला, की दिसतंय, पाठवा माल. वहिनींनी फोन ठेवला आणि पदर कमरेला खोचून बॉयलरकडे गेल्या. त्या हंगामात त्यांचा एक डबा मागे आला नाही.

काका आता गावीच असतात, गुडघे स्कूटर चालवू देत नाहीत. मी एकटी फिरते. दुकानात शिरले की चहा ठेवायला सांगते, लोकांना वाटतं, मलाही चहाची तल्लफ आलीय. पण मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या दिवसाची नाही, त्याच्या दुसऱ्या सकाळची.

सगळं नीट चाललंय ना बघायला आम्ही परत गेलो होतो. वहिनी आमच्या आधी येऊन बसलेल्या. कुणीतरी चहा आणून ठेवला. त्यांनी बटण दाबलं, आणि कप टेबलावर टेकतो न टेकतो तोच मशीन तयार. कोपऱ्यात आजची तारीख. वहिनींचा हात सवयीने त्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथे थांबला. बदलायला काही नव्हतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मग आता सकाळी आल्यावर मी पहिलं काय करायचं?"

काकांनी त्यांच्यापुढे कप सरकवला. "चहा घ्या वहिनी."

वहिनींनी कप उचलला, तोंडाला लावला आणि चटका बसून पटकन बाजूला केला. मग दोन्ही हातांत धरून त्या त्याच्यावर फुंकर घालत बसल्या.